अर्धं लुगडं

हौसाबाई : हळू चालीव की गाडी. अशी पळीवलीस तर वर काय दिसायचं मला?

अस्मिता : आई, ही हवल्ली आहे, आपलं गडहिंग्लज नाही. मागचा हॉर्न ऐकताय ना? आणि मघापासून वर काय बघताय? माणसं रस्त्यावर शोधतात.

हौसाबाई : माझं माणूस वर ऱ्हातंय. गॅलरी हाय तिला. खाली किराण्याचं दुकान, समोर खजुराचं झाड. एवढं बोललीय ती मला.

अस्मिता : इथे इमारतीगणिक खाली किराण्याचा बकाला आहे आणि बकाल्यागणिक समोर खजूर.

हौसाबाई : मग सगळ्या इमारती बघायच्या.

अस्मिता : अख्खा हिवाळा बागेत एका बाकावर बसत होतात दोघी. आणि नाव विचारलं नाहीत?

हौसाबाई : ती मला भाभी म्हणायची, मी तिला आपा. भागत हुतं. नाव पोलिसानं इचारायचं असतंय.

अस्मिता : फोन नंबर तरी?

हौसाबाई : रोज शेजारी बसणाऱ्या बाईला फोन कशाला करू?

अस्मिता : उद्या दुपारी तुमचं विमान आहे. बॅगा अजून उघड्या पडल्यात. तुमच्या लेकाला, आलोकला, रिफायनरीत शुक्रवारच्या सुट्टीलाही ड्यूटी, म्हणून मला धरलंत.

हौसाबाई : उद्या जायचंय म्हणूनच आज धरलं. एकदा गडहिंग्लजला गेलो की ही बाई मला जन्मात घावायची न्हाई.

अस्मिता : बागेत यायच्या बंद झाल्या म्हणजे त्या गावी गेल्या असतील. दापोलीच्या ना त्या? किंवा...

हौसाबाई : किंवा काय? बोल की. मेली असंल, असंच ना?

अस्मिता : मी तसं म्हटलं नाही हं.

हौसाबाई : त्वांडावर दिसतंय तुझ्या. न सांगता मरणारी बाई न्हवं ती. कालवणात मीठ ज्यास्त पडलं तरी मला सांगायला यायची.

अस्मिता : परवा तुम्ही उन्हाच्या एकट्याच बाहेर पडलात, ते हेच शोधायला?

हौसाबाई : मग? एकेका बिल्डिंगच्या हारिसला गाठलं, त्या राखणदाराला. भाषा कुठली येतीया मला त्येची! डोक्यावरची ओढणी करून दाखवली, ती चालती तसं लंगडत चालून दाखवलं, मिरची झोंबल्यागत हाय हुय केलं. बिचाऱ्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

अस्मिता : आई, हसवू नका, स्टिअरिंग हातात आहे. मिरची कशाला पण?

हौसाबाई : अगं, तिला सांडगी मिरची शिकीवली मी. हितलं ऊन काय सोन्यासारखं! दोन दिसांत कुरकुरीत. वाळवायला जुनं कापड न्हाई म्हणाली, म्हणून माझं हिरवं इरकली लुगडं मधोमध फाडलं. पदराकडचं तिला दिलं, दुसरं मी ठिवलं.

अस्मिता : ते इरकली? बाबांनी घेतलेलं?

हौसाबाई : व्हय, त्येंनीच. पेटीत कुजण्यापरास मिरचीखाली बरं. आज त्योच तुकडा बघालोय मी सगळ्या गॅलऱ्यांत.

अस्मिता : नाही दिसणार. बाहेर काही वाळत घातलं की हारिस ओरडतो.

हौसाबाई : म्हंजे ती नक्की घालणार.

अस्मिता : एक विचारू? राग नका मानू. इतका जीव का टाकताय? आम्ही आहोत ना घरात.

हौसाबाई : हाईसा की. सकाळी जाताय, अंधार पडल्यावर येताय, आल्यावर परत मान त्या लॅपटॉपात. माझी तक्रार न्हाई, कामं हाईत तुम्हांस्नी. पण त्या बाकावर कुणीतरी इचारायचं, आज काय केलंस गो भाभी? आता कोण इचारत न्हाई. लई एकटं वाटतंय बघ.

अस्मिता : मग बोलायचं नाही का आई एकदा तरी?

हौसाबाई : आत्ता बोललो की.

अस्मिता : चला. ती मागची गल्ली राहिलीय.

हौसाबाई : माझं डोळं मोतीबिंदूचं. तू बघ. फुडं नगं बघूस, वर बघ.

अस्मिता : मी पुढे नाही बघितलं तर दोघीही वरच जाऊ.

हौसाबाई : गप ग. डावीकडची बघितलीस?

अस्मिता : बघितली. एसी आणि कबुतरं. ही पण तसलीच. आई...

हौसाबाई : काय?

अस्मिता : हिरवं म्हणालात ना? पदर लाल?

हौसाबाई : थांबीव!

अस्मिता : दुसरा मजला, कठड्यावर. मिरच्या नाहीत, नुसतंच टांगलंय. अहो, गाडी थांबू दे, दार नका उघडू!

हौसाबाई : आपाऽ! ए आपाऽ!

अस्मिता : हळू, लोक बघताहेत.

हौसाबाई : बघू देत. आपाऽ! घसा बसला गं माझा.

अस्मिता : सरका, मी मारते हाक. आपाऽऽ!

आपा (वरून) : कोण गो? या अल्ला! भाभी?

हौसाबाई : कुठं गडप झाली हुतीस गं?

आपा : घरातच हाय! गच्चीवर मिरच्या बघायला गेल्ये नि जिन्यात पडल्ये. पाय प्लास्टरात. खुर्ची सोडवत नाय.

हौसाबाई : मग निरोप धाडायचास की!

आपा : कुणाकडं? घरात बोलल्ये, माझ्या भाभीला सांगा. लेक विचारतो, कोण भाभी, नाव काय, राहते कुठं? मी काय सांगणार? म्हणून तुझं लुगडं लावत्ये. हारिस ओरडतो म्हणून लेक, अफताब, ते आत आणतो. आता तो जुम्म्याच्या नमाजला गेलाय, मी परत लावलं. बोलल्ये, बघणारी बघेल.

हौसाबाई : माझ्या सुनंनं बघितलं. मला कुठलं दिसतंय!

आपा : शाणी हाय गो सून. वर या दोघी, नातीला, युसराला, दार उघडायला सांगत्ये.

अस्मिता : आई, आधी नाव विचारा!

हौसाबाई : आपा, ही म्हणतीया नाव सांग तुझं.

आपा : फखरुन्निसा.

हौसाबाई : एवढं लांब? बरं झालं इचारलं न्हाई. मी हौसा.

आपा : हौसा. चांगलं हाय. पण मी भाभीच बोलणार.

अस्मिता : आपा, तुमचा नंबर वर येऊन घेते. यांचं उद्या विमान आहे.

आपा : उद्या? उद्याच गो?

हौसाबाई : रडू नगंस. आज हाय की अख्खा दिवस.

आपा : मग आता हे लुगडं आत घेत्ये. काम झालं त्याचं.

हौसाबाई : ऱ्हाऊ दे तिथंच. उद्या इमानातनं बघीन.