उरलेली एक पेटी

“पेशंटच्या घरच्या बोलण्यात पडायचं नाही,” मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं. म्हणून नवी नर्स मधमाश्या पाळणाऱ्याच्या सुजलेल्या गालावर मुकाट्याने बर्फ धरून उभी होती.

“इथून सुटलो की आधी ती पेटी जाळणार, वहिनी. तोंडाचा भोपळा झालाय माझ्या.”

“भोपळा धरायलाही माशीच लागते, भावजी.”

“हसू नका. राणी रानातल्या नरांशी जुळली आणि सगळी प्रजा चावरी निघाली. ही आपली जातच नाही.”

“आपल्या जातीच्या सगळ्या पेट्या किडीने रिकाम्या झाल्या. या मात्र एकमेकींच्या अंगावरची कीड ओढून काढतात. म्हणून तर जगल्या.”

“आईने जन्मभर जात राखली.”

“जाताना त्यांनी माश्या जगवायला सांगितलं. मी हो म्हटलंय. माळापलीकडे नेऊन ठेवू.”

“उद्या पोरांना डसल्या तर? जाळणार म्हणजे जाळणार.”

वहिनींनी नर्सला हळूच विचारलं, “यांना कधी सोडाल?”

“सकाळीच.”

वहिनींनी दिरांच्या उशाची टेम्पोची किल्ली उचलली, पदर खोचला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.