आत्याची कसोटी

सकाळपासून स्कूटरला लाथा मारून घामाघूम झालेले गाडीदुरुस्तीचे सर शेवटी बसथांब्यावर येऊन टेकले. बाकावर एक आत्या आणि तिची भाची आधीपासूनच हुज्जत घालत बसल्या होत्या.

“आत्या, मला गाडीदुरुस्तीच शिकायचीय.”

“त्याच शाळेत शिवणही शिकवतात. ते शीक.”

“पण कुठला वर्ग चांगला, हे न बघताच?”

“त्यात काय बघायचंय? मास्तरांकडे बघावं, सगळं कळतं. गाड्यांचे मास्तर बसने येत असतील, तर ते काय शिकवणार? तिकीट काढायला?”

सरांनी घाईघाईने तोंड फिरवलं, पण आत्याने त्यांना हटकलंच.

“अहो, तुमच्या गळ्यात त्याच शाळेचं ओळखपत्र दिसतंय. तुम्ही काय शिकवता?”

“मी? मी... शिवण.”

आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर पोटापाशी अडली. तिथे बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

“ऊठ गं. गाड्यांच्या वर्गातच नाव घालू तुझं.”

“खरंच, आत्या?”

“खरंच. तिथले मास्तर काही यांच्यासारखे नसतील!”