चावी मागे राहिली

आमच्या गोष्टींची गंमत सांगितली का तुम्हाला? आम्ही तिघं मित्र एकाच काल्पनिक जगातल्या गोष्टी लिहितोय. तिथे मराठ्यांनी वसई जिंकलीच नाही. त्यामुळे वसई-भाईंदरवर आजही पोर्तुगीजांचं राज्य आहे आणि हद्दीवर पासपोर्ट दाखवावा लागतो.

परवा तारोडी गावात, आमच्यातल्या पास्कलच्या घरी जमलो. त्याने नवीन गोष्ट वाचली. त्यात बायको नवऱ्याला म्हणते, "पगार झाला का? ही चावी ठेव, येताना पाव आणि बटाटे आण."

माझं डोकंच सटकलं. "ही तर भाईंदरच्या जेसल पार्कमधली माझी बायको बोलतेय. पोर्तुगीजांचं राज्य आहे ना, एक तरी पोर्तुगीज शब्द टाक. नाहीतर ही गोष्ट आपल्या जगात चालणार नाही."

"पगार, चावी, पाव, बटाटा," पास्कल म्हणाला, "चारही त्यांचेच आहेत."

मोबाइलवर बघितलं. खरंच होतं.

तेवढ्यात आतून हे शब्द ऐकत असलेली त्याची आई चहा घेऊन आली. "कसली गोष्ट लिवताय?"

"मावशी, पोर्तुगीज इथून गेलेच नाहीत, अशी."

"गेले की," कप ठेवत ती म्हणाली. "चावी तेवढी आपल्याकडं ठेवून गेले."