नुसतं नाव बदलायचं होतं

पहिल्यांदा खटकलं ते दुसऱ्या कडव्यात. 'नाबो', म्हणजे आमच्या डॅनिशमध्ये शेजारी, तर तिथे 'नाएस्बेन'! तुम्हाला सांगते, तिथेच हात आवरायला हवा होता... पण नाही! नुसतं नाव बदलायचं होतं हो!

आमच्या गावात साठी गाण्याशिवाय होत नाही. डुक्कर करपलं तरी चालेल, गाणं हवं! बोडिलमावशीनं चाळीस वर्षांत चारशे बारा गाणी लिहिली, मी वर्षभर खपून ती कागदावरून संगणकात उतरवली, आणि आज सहा वाजता एस्बेनकाकांची साठी. मावशी म्हणते, "नवं कशाला गं? बोकाकांच्या साठीचं आहे ना, त्यातला बो काढ, एस्बेन घाल. चाल तीच, पाहुणे तेच, पिणारही तेवढंच!"

नुसतं नाव! पण आमचा ट्रोल्सदादा म्हणजे... "शी, माऊसनं एकेक शोधतेस? पणजी कुठली! हुकमाच्या काळ्या खिडकीत एक ओळ मार. बो शोध, एस्बेन घाल, लहान-मोठं अक्षर बघू नकोस. संपलं!" मारली. फक्त फाइलच्या नावाच्या जागी मी चांदणी टाकली. चांदणी म्हणजे 'सगळ्या', हे मला कोण सांगणार?

चारशे बाराच्या चारशे बारा! बोर्गहिल्डआजीच्या लग्नाच्या पन्नाशीला 'एस्बेनर्गहिल्ड'. प्रत्येक गाण्याखाली मावशीची सही... 'एस्बेनडिल'! म्हटलं उलटं करू, एस्बेन शोध, बो घाल. झालं काय? खरे एस्बेनकाकाही पुसले गेले! बारसं बोचं, लग्न बोचं, आणि काकू बिचारी सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्याच घरात नांदतेय! 

नुसतं नाव बदलायचं होतं हो... तिसरी ओळ मारली, त्यात एक 'एन' जास्त पडला. एन म्हणजे 'फाइलमध्ये काही लिहू नकोस'. इतकं आज्ञाधारक कार्टं मी जन्मात पाहिलं नाही! उघडते ती फाइल कोरी. बारशी कोरी, लग्नं कोरी, मयतंसुद्धा कोरी! दुसरी प्रत? नाही ना! दादाला विचारलं तर म्हणतो, "प्रत न ठेवता कोण करतं असं?" अरे, तूच सांगितलंस ना मेल्या!

आता एकच आशा, मावशीकडचे मूळ कागद. फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. साडेचार. पावणेपाच. सभागृहात ऐंशी खुर्च्या मांडून झाल्या असतील... अकराव्यांदा उचलला!

"सिग्ने! बरी आठवण झाली गं! काल सांक्त हान्सच्या सणाची शेकोटी, लाकडं सगळी ओली, पेटता पेटेना. म्हटलं आता सगळं तुझ्या संगणकात सुखरूप आहे, ती कागदांची जुनी खोकी कशाला हवीत? काय भडकली म्हणून सांगू! बरं, काकांचं गाणं झालं?"

मी म्हटलं, "मावशी... यंदा नुसतं ला-ला-ला म्हणू या."