मिरर चालू ठेवायचा म्हणजे

...आणि सकाळी येऊन बघतो तर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा. आता तुम्हाला सांगतो, माणसाने किती वैतागावं याला काही मर्यादा? अंबरनाथ पश्चिमेच्या कॉलेजात हा उन्मेष एकवीस वर्षं कॉम्प्युटर लॅबचा सहायक, म्हणजे प्रिंटर अडकला उन्मेष, पंखा खडखडला उन्मेष, प्राचार्यांच्या मुलीचा मोबाईल पाण्यात पडला तरी उन्मेषच, आणि असल्या माणसाने आपणहून आणखी एक काम ओढवून घ्यावं? घेतलं. कुणासाठी?

रंजनाताईंसाठी. या बारवी धरणाच्या पलीकडच्या आश्रमशाळेतल्या शिक्षिका, कॉलेजात मदत मागायला आलेल्या. शाळेला कुणीतरी चौदा जुने कॉम्प्युटर दान दिलेले, इतके म्हातारे की त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्सच काय ते चालणार, आणि ते उतरवून घ्यायचं तर शाळेत रेंज कुठे? पाण्याच्या टाकीवर चढलं की दोन काड्या. नव्वद टक्के उतरलं की तुटतं. बरं, एक प्रोग्राम मिळवला की तो म्हणतो माझे तीन भाऊ आणा, ते तिघे म्हणतात आमचे मेहुणे आणा... "आठ महिने झाले, सर," रंजनाताई म्हणाल्या, "पोरं दर शनिवारी कव्हरं पुसतात. आत काय आहे ते अजून कुणी बघितलं नाही."

आता हे ऐकून गप्प बसायचं ना? जमलं नाही. म्हणाला, मी मिरर लावतो. मिरर म्हणजे काय, तर त्या लिनक्सवाल्यांचं सगळं भांडार परदेशात, त्याची जशीच्या तशी नक्कल आपल्या एका कॉम्प्युटरवर ठेवायची, तिकडे बदललं की इकडे बदलायचं, म्हणजे जवळपासच्या लोकांनी इथूनच न्यावं. रंजनाताईंनी रिकामी डिस्क आणायची नि भरून न्यायची.

अर्ज केला, 'मिररसाठी परवानगी मिळावी.' ऑफिसातून शेरा आला, 'आरसा स्टाफरूममध्ये आहे.' मग गेला प्राचार्यांकडे, अर्धा तास समजावलं. मॅडम म्हणाल्या, "यात कॉलेजचं नाव कुठे येणार?" म्हणाला, जगभरच्या मिररची यादी असते, त्यात. "मग करा. पण नाव यायला पाहिजे." आणि नाव यायचं तर अट काय? मिरर चोवीस तास चालू पाहिजे.

आणि साडेपाच वाजले की हरिचंद्रमामा लॅबचं बटण बंद करणार.

मामा कॉलेजचे शिपाई. उन्मेष उल्हासनगरला जाऊन मोठी डिस्क घेऊन आला, दुकानदार विचारतो, "साईं, इतना बडा डिस्क? शादी का व्हिडिओ है क्या?" हा म्हणाला, लिनक्स है. तो म्हणाला, "किसका?" असो. पहिली नक्कल उतरायला अकरा दिवस, तेही अखंड चालू राहिलं तर. दिवसा नेटची सगळी लाईन पोरं खाऊन टाकतात, खरं काम व्हायचं ते कॉलेज सुटल्यावर, आणि साडेपाच वाजले की मामांनी बटण बंद केलंच. उन्मेषने कॉम्प्युटरवर कागद चिकटवला, 'बंद करू नये.' मामांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मेन स्विच बंद केला. मग मेन स्विचवर कागद. त्या दिवशी मामांचा चष्मा घरी. मग तोंडी सांगितलं, मामा म्हणाले, "हो सर," आणि साडेपाच वाजले... जाऊ द्या. अकरा दिवसांचा महिना झाला, नक्कल निम्मी. वर शुक्रवारी लाईट जाते ती वेगळीच.

त्यात रंजनाताई आल्या. दोन गाड्या बदलून. आणि निम्म्या नकलेत भाऊ आहेत, मेहुणे नाहीत, द्यायचं काय? त्यांनी डिस्क परत रुमालात गुंडाळली नि पिशवीत ठेवली. तुम्हाला सांगतो, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्मेष उठला तो थेट जिन्याखाली, मामांच्या स्टुलापाशी. "मामा, तुमचं माझं काय वाकडं आहे?"

मामा स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "सर, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. त्याच लॅबमधला पंखा रात्रभर चालू राहिला नि जळाला. पडदे पेटले. मेमो कुणाला? मला. बढती गेली ती गेलीच. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही. उद्या जळलं तर कोण जबाबदार?"

एकवीस वर्षांत मामांनी हे सांगितलं नव्हतं, आणि उन्मेषने तरी कुठे विचारलं होतं? त्याने वहीचं पान फाडलं, लिहिलं, 'लॅबमध्ये काही जळल्यास जबाबदारी माझी,' खाली सही. मामा म्हणाले, "तारीख." तारीख घातली. "शिक्का." शिक्का आणून मारला. मामांनी कागदाची घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात सरकवली. साडेपाच वाजले. मामा आले, बटणाकडे बघितलं, उन्मेषकडे बघितलं, आणि नुसतं कुलूप लावून गेले. त्या दिवशी उन्मेष तिकडे बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घरी, जेवताना तीनदा पानावरून उठला. कुठेतरी जळाल्याचा वास येतोय म्हणे.

सहा दिवसांत उरलेली नक्कल उतरली. रंजनाताई डिस्क भरून घेऊन गेल्या, आणि पुढच्या शनिवारी त्यांचा फोन. "सर, चौदातले अकरा लागले. आमच्या चौथीतल्या पुतळी नावाच्या पोरीने एकाच्या स्क्रीनवर आपलं नाव लिहिलंय आणि ती कुणाला खोडू देत नाही. तो कॉम्प्युटर आता तसाच चालू ठेवलाय." उन्मेष "बरं बरं" म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर उगाचच लॅबभर एक फेरी मारून आला.

कॉलेजचं नावही यादीत लागलं. मॅडमनी ती यादी छापून आपल्या केबिनमध्ये लावली, त्यात उन्मेषचं नाव असायचं काही कारणच नव्हतं. आणि दहा दिवसांनी त्या लिनक्सवाल्यांचा मेल, फार गोड भाषेत. आपल्या मदतीबद्दल मनःपूर्वक आभार, पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येत आहे, भांडार जवळजवळ दुप्पट होईल, कृपया मोठी डिस्क घ्यावी आणि नवी नक्कल उतरवायला लागावं.

उन्मेषने मेल दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग उत्तर धाडलं, 'थँक यू.' बस, तेवढंच. आता वैतागलो हे इंग्रजीत कसं लिहितात, ते त्याला कुठे येतं?