बीबीच्या कबरस्तानातले लिंब

चहा घेता घेता ऐका. आमच्या बीबी गावच्या कबरस्तानातले जुने कडुलिंब राखायला नागपूरहून सरकारी पैसा मंजूर झाला. गावाला कोणी विचारलंच नाही. तारेचं कुंपण पडलं, पहारेकरी बसला.

थोड्याच दिवसांत रहीमभाई पिंजारी लेकीचा जनाजा घेऊन आले. पहारेकरी म्हणाला, "आत जायला आधी मेहकरच्या कचेरीतून परवाना आणा."

"अरे बावा, तवरोक पोरीले कुठी ठेवू? इथं आमचे मेले निजले, म्हणून तं आमी कधी काडी तोडली नाही!"

फाटक उघडलंच नाही. लेकीला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेलाच दफन केलं.

पुढं पैसा संपला, पहारेकरी गेला आणि त्याच हिवाळ्यात सगळे लिंब तुटले. रहीमभाई माझ्या दुकानावर आले तेव्हा मी विचारलं, "रहीमभाई, गावानंच तोडले काय?"

"हाव शेठ. ते सरकारचे झाले होते ना. आमचे असते, तं कोणं हात लावला असता?"