अठ्ठ्याण्णवचा अभिमन

बघायचेच नव्हते तर मार्क मागितले कशाला मग? नाही, मी तुम्हालाच विचारतो! पेपरात जाहिरात देता, परीक्षेचे मार्क कळवा म्हणता, पोराला रावेरहून मुंबईला बोलावता, अन् समोर बसल्यावर म्हणता, मार्कांचं काय एवढं! अरे वा रे वा!

तुम्हाला सांगतो, पंच्याण्णव सालची गोष्ट. आमच्या शेजारच्या चुडामणभाऊंचा अभिमन. केळीवाल्याचं पोर, जळगावला इंजिनेर झालं, वर ती मॅनेजमेंटची परीक्षा दिली... बहिणीच्या लग्नात, मांडवात वाजंत्री चालू अन् हा नवरदेवाच्या मागे बसून गणितं सोडवतोय! निकाल आला अठ्ठ्याण्णव परसेंटाइल. म्हणजे काय, ते चुडामणभाऊंना समजावलं, की शंभरातले अठ्ठ्याण्णव मागे टाकले. भाऊ म्हणाले, "मंग वरचे दोन जनं कोनाचे पोरं हायेत?"

पण खूश हो! नोकरीचा पत्ता नाही, अन् मळ्यात भरीताचा कार्यक्रम! वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत कुटली, आख्खी गल्ली केळीच्या पानावर जेवली. अन् ढेकर देता देता भाऊंनी चारचौघांत सांगून टाकलं, "एक डाव मुंबई. नाई जमलं तर पाचोऱ्याले मामाच्या खताच्या दुकानात बसायचं." झालं! खताचं दुकान म्हटलं की अभिमन नाक दाबायचा. त्या वासात जन्म काढायचा नव्हता हो त्याला!

मुलाखतीला बोलावणारी मुंबईची कंपनी कसली, तर सल्ला देणारी. दुसऱ्याचा धंदा कसा चालवावा ते सांगायचं अन् पगार घ्यायचा. भुसावळला गाडीत चढला, रात्रभर दाराशी उभा, अन् सकाळी अठराव्या मजल्यावर. समोर तीन साहेब, टायवाले. अभिमन वाट बघतोय, आता मार्क विचारतील, मग विचारतील... मधला साहेब चष्मा पुसत म्हणतो, "मिस्टर अभिमन, मुंबईत रोज किती केळी विकली जात असतील? पाठ आकडा नको, अंदाज कसा बांधता ते दाखवा."

केळी! मनात म्हणाला, देव पावला! पण लक्षात घ्या, रावेरच्या पोरानं जन्मात केळं विकत घेतलेलं नाही. घरची असतात, नाहीतर शेजारचे फणी ठेवून जातात. अन् माल जातो कुठे, तर ट्रक भरभरून दिल्लीकडे. पोरगं शांतपणे म्हणालं, "साहेब, मुंबईत केळी विकत कोण घेईल? प्रत्येकाचं कोणी ना कोणी गावाकडे असणारच, तेच आणत असणार. राहिले दवाखान्यातले पेशंट." अन् बसलं की खाटा मोजायला!

साहेब लोक हसून हसून लाल. एक म्हणाला, "अहो, खाली रस्त्यावर केळीची गाडी नाही दिसली?"

"दिसली ना. मला वाटलं, कुणीतरी पाहुण्याचं घर शोधतोय."

मग तो चष्मेवाला गोड आवाजात, "असं बघा, मार्क फक्त आत बोलावण्यापुरते. आत आल्यावर पाटी कोरी." मग मार्क मागितले कशाला हो? मी असतो तर टेबल उलटं केलं असतं! अभिमन उठून उभा राहिला. म्हणाला, "माझा अंदाज चुकला, मान्य. खरा आकडा किती ते सांगा." मधला साहेब पुन्हा चष्मा पुसायला लागला. "नेमका... सांगता येणार नाही." "मग हसलात कशाला?" असं म्हणाला, ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं अन् निघाला. शाबास रे पठ्ठ्या!

पण शाबासकीनं नोकरी थोडीच मिळते? घरी चुडामणभाऊ डोक्याला हात लावून, "म्या बठ्ठ्या गल्लीले भरीत चारलं, आता कोन्या तोंडानं फिरू?" पोराची पिशवीसुद्धा सोडू दिली नाही, सरळ पाचोरा! तिथे सुकदेवमामा म्हणाले, "बस गल्ल्यावर." सोडायला मीच गेलो होतो, म्हटलं, मामा, मार्क तरी बघा! तर म्हणे, "बहिनीच्या पोराचे मार्क पाहातेत का?" घ्या! तिथे बघून सोडले, इथे बघितलेच नाहीत!

अभिमन बसला, पण मान खाली घालून नाही. म्हणाला, सल्ला द्यायला शिकलोय, सल्लाच देणार. गिऱ्हाईक आलं, दोन पोती युरिया द्या. हा विचारतो, "मागच्या साली टाकलं होतं? फरक पडला? नाही ना? मग घेता कशाला?" गिऱ्हाईक विचारात पडायचं अन् तसंच परत जायचं. आठवड्यात दुकानापुढे ही गर्दी! लांबलांबून लोक सल्ल्याला येताहेत, बाकड्यावर जागा नाही, अन् पोतं एक हलत नाही. मामा ओरडले, "अरे, इकाले बसवलं तुले!" हा म्हणतो, "मामा, सल्ला म्हणजे सल्ला. खोटा नाही देणार."

शेवटी एक दिवस सुकदेवमामा स्वतः रावेरला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही, चुडामणभाऊंपुढे हात जोडून म्हणाले, "दाजी, तुमचा पोऱ्या लई हुशार हाये. त्याले पुन्हा मुंबईले धाडा... भाडं मी देतो."